सुंठ्याचं पथ्य

रहिमतपूर
१२ डिसेंबर २०२४

आक्का, जय जिनेंद्र.

हे पत्र मी दिवाळीपासून पुढं ढकलतोय. पहिलं पाकीट मेंढीनं खाल्लं. हसू नकोस, खरंच खाल्लं, तिकिटासकट. दुसऱ्यावर बिराप्पानं तंबाखूचा चुना पुसला. तिसरं आज घेतलं आणि पोस्टाच्या पायरीवरच लिहायला बसलोय, म्हणजे आता पळवाट नको. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. पत्राला तसं करता येत नाही, पोस्टमनकाका हातात आणून देणारच. फाडायचं असलं तर वाचून फाड.

आधी महत्त्वाचं. सुंठ्या जिवंत आहे.

आता मी कुठं आहे ते. कवठे महांकाळच्या बिराप्पा धनगराच्या मेंढ्यांबरोबर फिरतोय. पाऊस संपला की त्यांची घरं अशी घोड्यावर चढतात आणि कृष्णेच्या बाजूला येतात. शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, त्यांना खत मिळतं, बिराप्पाला धान्य मिळतं आणि त्यातली भाकरी मला. माझं काम पाणी आणायचं आणि संध्याकाळी वाघूर बांधायला हात लावायचा. वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. घोडीचं नाव राणी. ती फक्त मनुबाईचं ऐकते, मनुबाई म्हणजे बिराप्पाची बायको, आणि परवा तर या राणीनं कोरेगाव रस्त्यावर एका नवरदेवाच्या गाडीपुढं असं काही ठाण मांडलं की... असो. ते नंतर.

सुंठ्याचं सांगत होतो.

शर्यतीच्या दिवशी काय झालं ते तुला निम्मंच माहीत आहे. सगळी कुत्री पुढं गेली आणि आपला सुंठ्या, पळण्यात नावाजलेल्या कारवानी रक्ताचा, मधेच खाली बसला. आपल्या गावचा तो वीरधवल सगळ्यांसमोर म्हणाला, "जैनाचं कुत्रं हाय गड्या! दहीभात खाऊन कुठं पळतंय व्हय?" लोक हसले. ते माझ्या डोक्यात गेलं. घरी येऊन मी आण्णांना बोललो ते मात्र तू ऐकलंयस. तुमच्या नेमापायी मुक्या जनावराची हाडं वर आलीत, असं काहीतरी. आण्णा सोप्यात बसून रोजच्यासारखा हात आडवा धरून मावळतीचा सूर्य मोजत होते. आधी एवढंच म्हणाले, "हातभर दिवस ऱ्हायलाय, उरका जेवणं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्या घरात जीव जगवत्यात. पळवायचा आसंल तर भाईर ने."

म्हणून नेला.

इथं त्याला मटण चालू केलं. पहिल्या दिवशी हाड चघळताना त्याचं तोंड बघून मला वाटलं, जिंकलो आपण. तिसऱ्या दिवशी तो बाभळीच्या खोडाला डोकं टेकून उभा. नुसता उभा. हाक मारली तरी वळेना. मग गोल गोल फिरायला लागला, तोंडातून लाळ, आणि माझ्याकडं बघतोय पण मी त्याला दिसत नाही अशी नजर. मनुबाईनं बिरोबाचा भंडारा लावला. दोन दिवस तो काही खाईना, आणि तिसऱ्या दिवशी आपोआप शहाणा झाला. मी पुन्हा मटण घातलं. पुन्हा बाभळ.

कोरेगावात जनावरांची एक डॉक्टरीण आहे म्हणे, कुत्र्यांचं चांगलं बघते. सोमवारी नेतोय.

आण्णांना हे वाचून दाखवू नकोस.

पारस


कोरेगाव
१८ डिसेंबर २०२४

आक्का,

डॉक्टरचं नाव नीलिमा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या असतील. मी सवयीनं "जय जिनेंद्र" म्हणून गेलो, तर हसून म्हणाल्या, "जयभीम. आणि हा काय म्हणतो?" सुंठ्या काहीच म्हणाला नाही, टेबलावर मुतला.

त्यांनी त्याला सगळीकडून दाबून बघितलं, जिभेचा रंग बघितला, आणि विचारलं, "हे असं जेवल्यानंतर होतं का?" मी म्हणालो, जेवल्यानंतरच. मग म्हणाल्या यकृत बघायला पाहिजे. बिराप्पा काळीज म्हणतो, मी लिव्हर म्हणतो, पण मॅडम यकृत म्हणतात आणि त्यांच्या तोंडून ते बरं वाटतं.

साधी रक्ततपासणी केली, त्यात फार काही सापडलं नाही. म्हणून दुसरी करायची ठरली. ती अशी. जनावराला रात्रभर उपाशी ठेवायचं. सकाळी रक्त घ्यायचं. मग खायला घालायचं आणि दोन तासांनी परत रक्त घ्यायचं. दोन्ही नळ्या पुण्याला जातात. मला वाटलं, यात काय अवघड? आपल्या घरात तर उपास जन्मापासून बघितलेला. मनुबाईला सांगून ठेवलं, "उद्या सुंठ्याचा उपास हाय, पाण्याशिवाय काय न्हाई." "पाण्याशिवाय" हा शब्द तिनं ऐकलाच नसणार.

काल सकाळी दवाखान्यात पोचलो. मनुबाईला बाजार करायचा होता म्हणून तीही बरोबर. पहिलं रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं, मॅडमनी नळी उजेडात धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. वरचं पाणी पिवळसर, नितळ दिसायला पाहिजे. ते दुधासारखं पांढरं.

"यानं सकाळी काय खाल्लंय?"

"काही नाही मॅडम. कडक उपास आहे."

"तूप पोटात गेल्याशिवाय रक्त असं दिसत नाही."

दारात बसलेली मनुबाई म्हणाली, "आरं, कशाला खोटं बोलतोयस? शाबूची खिचडी दिलीया की मी. शेंगदाण्याचं कूट, वर तूप. उपासाला चालतंय न्हवं?"

मॅडम खुर्चीत बसल्या. बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मनुबाईला काय चुकलं तेच कळेना. म्हणाली, "भुक्या पोटी कुणाला गावाला धाडत्यात व्हय? आमच्यात कुत्र्याला बी धाडत न्हाईत." मी तिला सांगितलं की आमच्यात उपास म्हणजे उकळलेलं पाणी, तेसुद्धा दिवस असेपर्यंत. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी घरातून का पळालो ते तिला आत्ता समजलं.

आज परत गेलो. सुंठ्याला आदल्या दिवसापासून माझ्या पायाला बांधून घेतला होता. या वेळी रक्त नितळ. मग त्याला खायला काय घालायचं? मॅडम म्हणाल्या, "त्याच्या पोटाला सवयीचं असेल ते. थोडं तूप घालून." मी दवाखान्यामागच्या खानावळीतून भात आणि दही मागून आणलं, हातानं कालवलं. तुझ्यासारखं बारीक कुस्करलं. आक्का, त्यानं ताटली अशी चाटली की ताटलीच सरकत सरकत कपाटाखाली गेली.

आता पुण्याहून काय येतंय ते बघायचं. मॅडम स्पष्टच बोलल्या. आकडा वाईट आला आणि खाणं सांभाळलं नाही, तर उन्हाळा काढणार नाही.

पारस


रहिमतपूर
२९ डिसेंबर २०२४

आक्का,

आकडा वाईट आला. पण हे पत्र वाईट बातमीचं नाही, शेवटपर्यंत वाच.

दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला मी आता तुला यकृत शिकवणार आहे, तेव्हा नीट बस. यकृत पित्ताम्लं नावाची एक गोष्ट बनवतं. जेवण पोटात आलं की ती आतड्यात उतरतात, तूप-तेल पचवतात, आणि काम झालं की रक्तातून परत यकृताकडं येतात. यकृत त्यांना तिथल्या तिथं पकडून घेतं, पुन्हा वापरायला. मला हे पहिल्यांदा कळलंच नाही. तेव्हा मॅडम मनुबाईकडं वळल्या. (ती आली होती. आता ती प्रत्येक वेळी येते. सुंठ्याच्या उपासाची जबाबदारी तिची आहे म्हणे.)

"मावशी, सकाळी मेंढ्या चरायला सोडता. संध्याकाळी वाघरात घेता. राखणदार चांगला असला तर रानात किती राहतात?"

"एक बी न्हाई."

"यकृत म्हणजे राखणदार. जेवणानंतर दोन तासांनी रक्तात किती पित्ताम्लं हिंडतायत ते मोजायचं. नसतील, म्हणजे राखणदार जागा आहे."

"आन् ह्याच्यात?"

"पंचविसाच्या आत पाहिजेत. दीडशेच्या वर आहेत."

मनुबाईनं तोंडावर पदर घेतला. "अगं बया. कळपच भाईर."

मग साताऱ्याला सोनोग्राफी केली. सुंठ्याचा राखणदार झोपलेला नाही, त्याला मेंढ्या भेटतच नाहीत. जन्मापासून याच्या पोटात एक जादाची रक्तवाहिनी आहे. आतड्यातलं रक्त यकृतात जायच्या ऐवजी त्या आडवाटेनं पुढं निघून जातं. म्हणून पित्ताम्लं रक्तात हिंडत राहतात, आणि मांसातून जे विष तयार होतं तेही न गाळता थेट डोक्यात चढतं. झाडाला डोकं टेकणं ते त्याचंच. शर्यतीत बसला तेही त्याचंच. आईच्या पोटातून तो असाच आलाय. वीरधवलला सांग, दहीभातानं नाही बसला.

आता ऐक. ह्या पुढच्या चार ओळींसाठी मी अख्खं पत्र लिहितोय.

मॅडमनी कागदावरून मान वर केली आणि म्हणाल्या, "मला एक कळत नाही. इतका आकडा असलेली पिल्लं सहसा वर्षभरात हातची जातात. हा दोन वर्षं जगला कसा? काय खायचा घरी?"

मला सांगायला लाज वाटत होती, आता सवयीनंच. म्हणालो, "दहीभात. मुगाची खिचडी. दुधात कुस्करलेली भाकरी. मटण नाही, अंडं नाही."

"किती वेळा?"

"चार वेळा, थोडं थोडं. म्हणजे घरात जो जेवायला बसेल तो आपल्यातला घास त्याला काढून ठेवतो. आण्णा, आई, आक्का, मी. सगळे वेगवेगळ्या वेळी बसतात. आणि दिवस मावळला की कुणालाच काही नाही, त्यालाही नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी तुला आता जे पथ्य सांगणार होते ना, शब्द न् शब्द हेच होतं. दुधातलं आणि डाळीतलं सोसतं याला. मांसातलं सोसत नाही. थोडं थोडं, चार वेळा. तुमच्या घरानं दोन वर्षं उपचार केलाय याच्यावर, कुणाला न विचारता."

आक्का, मी बाहेर येऊन उसाच्या ट्रॉल्या मोजत बसलो. आत बसवेना. ज्या जेवणाला सगळं गाव हसलं, त्या जेवणानं जीव धरून ठेवला होता. आणि तो तुझा हात होता. त्या औषधाच्या दुकानवाल्यानं "अंडी चारा, ताकद येईल" म्हणून सांगितलं तेव्हा तू त्याला काय बोललीस ते आठवतंय ना? "आमचा कुत्रा हाय, पैलवान न्हाई." तेवढ्या एका वाक्यानं वाचलाय तो.

मॅडमनी लगेच माझं विमान खाली आणलं, ते पण सांगतो. म्हणाल्या, "उगाच गावभर सांगत फिरू नकोस की कुत्र्यांना मांस वाईट. चांगल्या कुत्र्याचं वेगळं असतं. हे फक्त याच्यासाठी." म्हणून मी फक्त तुला सांगतोय. आणि बिराप्पाला. आणि पोस्टातल्या बाईंना.

पुढचा उपाय ऑपरेशनचा आहे, पुण्यात होतो, ती आडवाट हळूहळू बंद करतात. पण त्याआधी तीन-चार महिने त्याचं वजन वाढायला पाहिजे, आणि एकही दिवस पथ्य मोडायला नको. इथंच घोडं अडलंय. इथं मी त्याचा भात वेगळा शिजवतो, त्याला सगळे "महाराज" म्हणायला लागलेत, "महाराजांचा आहार झाला का रं?" म्हणून चौकशी होते. पण गुरुवारी बिरोबाचं बकरं कापलं. मी पाण्याला गेलो तेवढ्यात सुंठ्यानं दोरी चावली. परत आलो तर घोडीच्या पायाला डोकं लावून उभा. या वेळी शुद्धीवर यायला तीन दिवस लागले. धनगराच्या तळावर हाड पडणारच, त्यांचं काय चुकलं त्यात?

त्याला आपलं घर पाहिजे. मला नाही, त्याला. मी येत नाही, आण्णांना माझं तोंड बघायचं नसणार. मिरज स्टेशनवर आणून तुझ्या हातात देतो आणि पुढच्या गाडीनं परत येतो. तू त्यांना विचार. माझं नाव काढू नकोस, नुसतं सुंठ्यासाठी विचार.

आठ दिवसांत कळव.

पारस


रहिमतपूर
११ जानेवारी २०२५

आक्का,

तुझं उत्तर नाही. पोस्टातल्या बाई मला लांबून बघूनच मान हलवतात.

तरी लिहितोय, कारण काल जे झालं ते सांगितलं नाही तर फुटेन.

नीलिमा मॅडमनी मला आणि सुंठ्याला साताऱ्याला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांची सभा होती, चाळीसेक डॉक्टर, पंखे, बिसलेरीच्या बाटल्या, आणि चहाबरोबर ती गोल बिस्किटं, मी सहा खाल्ली. मॅडमनी मनुबाईलाही चल म्हटलं होतं, पण ती म्हणाली, "राणीला कोण बघणार?" मी बिराप्पाचा धुतलेला सदरा घातला होता, त्याला मेंढ्यांचा वास येतोय हे तिथं गेल्यावर कळलं. मी मागं भिंतीला टेकून उभा, सुंठ्या पायाशी.

मॅडमनी पडद्यावर आकडे लावले. जेवणाआधीचे, जेवणानंतरचे. मग सोनोग्राफीतली ती आडवाट दाखवली. मग म्हणाल्या, "आणि हा पेशंट दोन वर्षांचा आहे, आणि तो मागं उभा आहे." चाळीस माना वळल्या. सुंठ्यानं जांभई दिली.

पुढच्या रांगेतले एक टक्कल पडलेले डॉक्टर उभे राहिले. मोठे असणार, कारण ते उठल्यावर चहावालाही थांबला. म्हणाले, "डॉक्टर, इतका चांगला सांभाळलाय म्हणजे यकृताचं तयार खाद्य दिलं असणार. कुठल्या कंपनीचं?"

मॅडम म्हणाल्या, "कंपनी नाही, सर. आक्का."

"कोण आक्का?"

"याची बहीण. प्राची सुकुमार. सांगलीकडच्या एका खेड्यात राहतात. घरचा दहीभात आणि मूग, थोडं थोडं, चार वेळा, दिवस मावळायच्या आत."

लोक हसले, पण ते शर्यतीतलं हसणं नव्हतं. त्या मोठ्या डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि मला जवळ बोलावून विचारलं, भात किती शिजवतात, दही आंबट चालतं का, तूप किती. मी सगळं सांगितलं. आण्णांचं पण सांगितलं. म्हणजे असं की कुत्रा घरात नको म्हणून आण्णा पहिले सहा महिने ओरडत होते, पण संध्याकाळचा घास रोज त्यांच्याच ताटातून निघायचा, आणि आम्ही बघितलं की म्हणायचे, "कावळ्याला ठेवलाय." डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा."

मी कसा सांगणार? तू सांग.

आक्का, लहानपणी डब्यातली चटणी कांदा-लसणाची नाही म्हणून पोरं चिडवायची तेव्हा मी डबा झाकून खायचो. तेव्हापासून मी आपल्या जेवणापासून पळतोय, तुमच्यापासून नाही, हे मला काल त्या पंख्याखाली कळलं. चाळीस डॉक्टरांपुढं मी आपलं ताट उघडून दाखवलं आणि मान खाली घातली नाही.

आता अडचणीचं. परवा तळ हलतोय, खटावच्या बाजूला. सुंठ्याला घेऊन तिकडं जाणं म्हणजे पुन्हा हाडांत नेणं. मॅडम म्हणतात दवाखान्यात ठेव, मागं पिंजरा आहे. चांगल्या मनानं म्हणतात. पण काल तासभर ठेवून बघितलं तर तो तोंड भिंतीकडं करून बसला आणि दहीभाताला शिवला नाही. वजन वाढायचं कसं? म्हणून मी विचार केलाय की कोरेगावातच एखादी खोली बघावी आणि स्वतः चार वेळा...

थांब. बिराप्पाची कुत्री भुंकायला लागलीत.

कुणीतरी स्टेशनच्या बाजूनं बांधावरून येतंय. पांढरी टोपी. हातात पिशवी. बिराप्पा म्हणतोय रानाचा मालक असंल. मालक नाही. मालक असा चालत नाही. हा माणूस खाली बघत, प्रत्येक पाऊल मुंगी चुकवून टाकत येतोय, आणि असं चालणारं मला या जगात एकच माणूस माहीत आहे.

तू वाचून दाखवलंस. सगळी पत्रं दाखवलीस ना?

आण्णा बांधावरच थांबलेत. इकडं चुलीवर काय शिजतंय ते त्यांना वासानं कळलंय, त्यामुळं खाली उतरत नाहीत. मनुबाई ओरडतेय, "या की पावणं, बसा! उपास हाय व्हय? शाबू भिजवू?" आण्णांनी नुसती मान हलवली. मिरजेची पॅसेंजर पकडून आलेले दिसतात, टोपीवर धूळ आहे. त्यांनी मला हाक मारली नाही. सुंठ्याला मारली. एकदाच, हळू, घरात मारायचे तशी. आणि बाभळीखाली निजलेला सुंठ्या दोरीसकट उठून त्यांच्याकडं पळाला. पळाला, आक्का. त्या शर्यतीत कुणी बघितलं नाही असा पळाला.

आता त्यांच्या पायांत लोळतोय. आण्णांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढलाय, तो तुझा, पोपटी झाकणाचा. हात आडवा धरून ते सूर्य मोजतायत. आणि माझ्याकडं न बघता बांधावरून ओरडतायत,

"हातभर दिवस हाय आजून. या. दोघांचं बी आणलंय."